दोन बोटांचा ब्रेक

किसन,

परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि काल सकाळी मी मोटारसायकलचा पुढचा ब्रेक खोलून अंगणात बसलो. एकटाच. शकूनं विचारलं, "बिघडलाय का?" मी म्हटलं, "नाही." इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली बाई, तिनं पुढं काही विचारलं नाही. चहाचा कप पायरीवर ठेवला आणि आत गेली.

तेराव्याला लोक तुझ्याविषयी पुष्कळ बोलले. मनमिळाऊ होता, शांत होता, कधी कुणाला दुखावलं नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कुणाबद्दल चाललंय? सकाळच्या शिफ्टला तुझ्या वाऱ्याला उभं राहायची कुणाची छाती नव्हती. ज्याच्याशी तू भांडला नाहीस असा एक माणूस कंपनीत दाखवावा. माझ्याशी तर तू वीस वर्षं भांडत होतास, आणि त्यातलं निम्मं भांडण अजून मिटायचं राहिलंय. ते असं अर्ध्यावर टाकून गेलास, हे काही बरं केलं नाहीस, राव.

पण आज मला भांडायचं नाही. तुझे आभार मानायचेत. समोर असतास तर मानू दिले नसतेस. "आता ह्ये काय नवीन?" म्हणून उठून गेला असतास. आता मात्र तुला ऐकून घ्यावं लागणार आहे.

आपण भेटलो तो बासष्ट-त्रेसष्टचा सुमार. पिंपरी-चिंचवडला रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. ज्वारीच्या रानात मधेच एखादं धुराडं उभं दिसायचं. माझे वडील नगर जिल्ह्यातून त्या भिंती बांधायला आले आणि कासारवाडीला स्टेशनजवळ राहिले. तू पिंपळे सौदागरचा, पिढीजात शेतकरी. नदी ओलांडून सायकलवर यायचास. कॅरिअरला भाकरीचं फडकं आणि पायाला बहुतेक वेळा चिखल. आपल्या दोघांना एकाच दिवशी कामावर घेतलं आणि पत्र्याला आकार देणाऱ्या शेजारी-शेजारच्या पॉवर प्रेसवर उभं केलं. पहिल्याच दिवशी तू मला म्हणालास, "रतन, तू लई सावकाश काम करतो." मी म्हटलं, "तू फार घाई करतोस." तिथून जे चालू झालं ते झालं.

तुझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा तुझ्या वडिलांनी माझं ताट बाहेर ओट्यावर मांडायला सांगितलं. आम्ही बुद्धाला शरण गेलेली माणसं, पण गावाच्या नजरेत अजून जुनेच होतो. मला ते नवं नव्हतं. तू वडिलांना उलट बोलला नाहीस. आपलं ताट उचललंस, बाहेर आलास, माझ्यासमोर मांडी घातलीस आणि जेवायला लागलास. पुढच्या खेपेलाही तेच. असं बऱ्याचदा झाल्यावर एकदा आतून आवाज आला, "आरं, आत या की दोघं. माश्या बसत्यात अन्नाव." आपण दोघं ताटं घेऊन आत गेलो. त्या दिवसावर तू कधी एक शब्द बोलला नाहीस, मीही नाही. पण किसन, त्या माश्यांचे उपकार मी आयुष्यभर मानले, आणि तुझेही. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

लष्कराच्या लिलावातली ती जुनी विलायती मोटारसायकल आपण दोघांनी मिळून घेतली. महायुद्ध बघून आलेली. नावावर माझ्या झाली, कारण तुझ्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी तुला बैलाच्या जागी जुंपलं असतं. चालवायचो मीच. तुला मागं बसून बोलायला आवडायचं. लोणावळ्यापर्यंत तू माझ्या कानाशी बोलत राहायचास आणि वाऱ्यात मला त्यातलं निम्मंच ऐकू यायचं. उरलेल्या निम्म्याला मी नुसतं "हां, हां" म्हणायचो, आणि मग उतरल्यावर तू म्हणायचास, "म्हंजी कबूल केलंस ना?" काय कबूल केलं ते मला कधीच कळायचं नाही.

मग तो दिवस आला, ज्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

तुला वडिलांबरोबर कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला जायचं होतं. तू म्हणालास, "माझी उद्याची शिफ्ट तू कर, मी तुझी परवाची करतो." शिफ्ट बदलून घेणं ही आपल्याकडं रोजची गोष्ट. मी तुझ्या प्रेसवर उभा राहिलो. दुपारी प्रेसचा वरचा साचा, डाय, खाली आला तेव्हा माझा उजवा हात अजून आत होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

संध्याकाळी तू दवाखान्यात आलास. चाकणहून थेट आला होतास; कपड्यांना कांद्याचा वास होता. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलास, माझ्या हाताच्या पट्टीकडं बघत. आणि पंधरवड्याच्या आत प्रेस सोडून साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये बदली मागून घेतलीस. का, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

कंपनीनं मला स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्ट द्यायचे, सही घ्यायची. डाव्या हातानं लिहायला शिकलो. लोक चांगले वागायचे, जरा जास्तच चांगले. मला ते सोसवत नव्हतं. शकूला वाटायचं, मी मुका होत चाललोय.

तेव्हा भोसरीला लहान लहान वर्कशॉपं निघत होती आणि कंपनीचा बराच माल तिथं बनायला लागला होता. तो जागेवर जाऊन तपासायला फिरता माणूस पाहिजे होता. प्रेसचा माल मला डोळे मिटून कळायचा. मी अर्ज केला. साहेब म्हणाले, "काम तू करशील रे, त्याबद्दल शंका नाही. पण दिवसाला इतक्या ठिकाणी फिरणार कसा? स्वतःची गाडी चालवणारा माणूस लागतो." माझ्या हाताकडं त्यांची नजर गेली आणि त्यांनी ती चटकन खिडकीकडं वळवली.

गाडी घरामागं ताडपत्रीखाली होती. अंगठा आणि उरलेली दोन बोटं, एवढ्यावर मला मूठ फिरवता येत होती. पण पुढच्या ब्रेकची ती जाड तार ओढायला करंगळी आणि अनामिकेचा जोर पुरायचा नाही. ब्रेक अर्धवट लागायचा आणि हाताला कळ यायची. मी तुला म्हटलं, "पुढचा ब्रेक नसला तरी चालेल. पायाच्या ब्रेकवर भागवतो."

तू असा भडकलास! "नुसत्या मागच्या ब्रेकाव गाडी थांबत न्हाई, घसरती. शकूच्या कपाळावरचं कुंकू पुसायचं हाय का तुला?"

"मग काय करू? स्टोअरमध्ये म्हातारा होऊ?"

तू निघून गेलास. महिनाभर त्या विषयावर एक अक्षर नाही.

आणि मग एका रविवारी तुझ्या घरची बैलगाडी माझ्या दारात येऊन उभी राहिली. पुण्याला भाजी उतरवून परत चालली होती. आत कडब्याखाली मोटारसायकलचं अख्खं पुढचं धूड: चाक, त्याला धरणारे दोन दांडे, वरची मूठ, सगळं. कुणा गोऱ्या पोराची जपानी गाडी. गोव्याला निघाला होता, घाटात ट्रकनं मागून चेपली. पोरगं वाचलं आणि गाडी तिथंच टाकून गेलं. ती फिरत फिरत भंगारात आली आणि तुला सापडली. मागचं सगळं चपटं झालेलं, म्हणून तू पुढचं तेवढं कापून आणलंस.

"ह्ये बघ," तू चाकावरच्या चकचकीत पोलादी थाळीला हात लावून म्हणालास. "ह्येला तार न्हाई. ह्यो तेलाव चालतो. मुठीपाशी दाबलं की तेल नळीतनं खाली येतं, आन् ह्यो ठोकळा थाळीला दोन्ही अंगानं चिमटीत धरतो. जोर तेल करतं. आपली दोनच बोटं बास."

"चालेल का हा आपल्या गाडीला?"

"न चालायला काय झालं? चालवायचा."

त्या ठोकळ्याला कॅलिपर म्हणतात हे आपल्याला मागाहून कळलं. तोवर तू त्याला 'चिमटा'च म्हणायचास. पुढचे कित्येक महिने आपण त्या चिमट्यापायी घालवले. जपानी दांडे विलायती गाडीला बसवायला तू टूलरूममध्ये एक जाड बुश, म्हणजे मधलं कडं, कातलास, चुकलास, पुन्हा कातलास. चिमट्याच्या आतला पिस्टन पावसात भिजून गंजून बसला होता. तो पंक्चरवाल्याच्या हवेनं बाहेर काढला. समोर लाकूड धरलं होतं म्हणून बरं, नाहीतर बंदुकीच्या गोळीसारखा माझ्या अंगावर आला असता. तुझ्याही. पिस्टन तू नवा केलास आणि आरशासारखा घासलास.

आणि मग तू ग्रीसचा डबा उघडलास.

तुझा ग्रीसवर फार जीव. "वंगणानं कदी कुणाचं वाईट झालंय का?" हे तुझं ठरलेलं वाक्य. बेअरिंगला लावतात ते पिवळं ग्रीस तू पिस्टनला, त्याच्याभोवतीच्या रबरी रिंगला, ठोकळा ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांना, सगळीकडं लग्नातल्या हळदीसारखं फासलंस. मी म्हटलं, "इतकं नको." तू म्हणालास, "तू गप बस." आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस ब्रेक लोण्यासारखा लागत होता.

मला तू गाडीला हात लावू देत नव्हतास. आधी तू चालवणार, तुझी खात्री पटली की मग मी. कंपनीत जाताना-येताना तूच चालवायचास. आठवडा झाला असेल नसेल, नाशिक फाट्याजवळ तुला जळका वास आला. पुढचं चाक आपोआप जड व्हायला लागलं. गाडी बाजूला घेतलीस तोवर चाक पार आवळून बसलं होतं, आणि थाळी तापून निळी पडली होती. गार होईपर्यंत तू उन्हात रस्त्याकडेला बसून राहिलास. मग ढकलत माझ्याकडं आलास. घामानं निथळत होतास आणि तोंड एवढंसं झालं होतं.

"तू असतास वर, तर?" एवढंच म्हणालास.

चिमटा खोलला तर रबरी रिंग भज्यासारखी फुगलेली. पिस्टन पुढं गेला की मागं यायचा मार्गच नाही. ती रिंग घेऊन आपण भोसरीला रबराचे वॉशर बनवणाऱ्या त्या केरळी कारखानदाराकडं गेलो. त्यानं ती चिमटीत दाबली आणि हसला. "ये रबर है भाई, बेअरिंग नहीं. खनिज तेल पिलाया तो फूलेगाच." एरंडेलाच्या जातीचं ग्रीस रबराला बाधत नाही, मोटारीच्या ब्रेकसाठी लाल रंगाचं मिळतं ते आणा, असं त्यानं सांगितलं, आणि तशीच नवी रिंग साच्यात काढून दिली. निघताना तुझ्याकडं बघून म्हणाला, "और थोडाच लगाना. जितना सोचते हो, उसका आधा."

घरी पोचल्यावर म्हणालास, "आदी सगळं रॉकेलनं धुऊन काढू." मी म्हटलं, "रबराला रॉकेल कशाला लावतोस? तेही तेलच." तू माझ्याकडं बघितलंस आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं एका फटक्यात ऐकलंस. लोखंड तेवढं रॉकेलनं धुतलं, पुसलं, सुकवलं. नवी रिंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली. पिनांना आणि त्यांच्या रबरी टोप्यांना लाल ग्रीस, पण बोट फिरवून जवळजवळ पुसून टाकल्यासारखं. थाळीला आणि तिला घासणाऱ्या पॅडच्या तोंडाला काहीही नाही, हाताचा घामसुद्धा नाही. खरा खेळ त्या पिनांचा होता. त्या कोरड्या पडल्या की ठोकळा सरकत नाही, थाळीला एकाच बाजूनं चावतो, मूठ जड होते, आणि मग दोन बोटं पुरत नाहीत. ज्या ब्रेकनं चांगल्या पंजाच्या माणसाचं भागलं असतं, त्यानं माझं भागणार नव्हतं. म्हणून तू एकेक पिन पुन्हा पुन्हा काढायचास, पुसायचास, लावायचास, बोटानं सरकवून बघायचास.

आता ते सांगतो, जे मी शकूलाही नीट सांगितलेलं नाही.

एके दिवशी शिफ्ट सुटताना गेटापाशी गर्दीतून हसणं ऐकू आलं. बघतो तर तू गाडीवर, आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडून फडक्यानं तळहाताशी करकचून बांधलेली. कुणीतरी ओरडलं, "काय किसनभाऊ, बोटं जायची साथ आली का काय?" पुन्हा हसणं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गर्दीतून वाट काढत तुझ्यापाशी आलो.

"सोड ते फडकं. माझी नक्कल करतोस?"

"नक्कल न्हाई," तू म्हणालास. "माप घेतोय."

"कसलं माप?"

"उताराव, खड्ड्यात, मागं माणूस बसल्याव, एवढ्या दोन बोटांनी गाडी थांबती का न्हाई त्याचं. तुझ्या बोटांना मी कसं इचारू? म्हणून माझी बांधली."

फडक्याकडं नेलेला हात मी मागं घेतला. हसणारे पांगले. तू गाडीला किक मारलीस आणि निघून गेलास.

हौसावहिनी नंतर म्हणाल्या, घरीही तू ते फडकं सोडलं नव्हतंस. भाकरी मोडताना, बैलांना पेंड घालताना, अंगावर पाणी घेताना. "येडंच लागलंय," त्या म्हणायच्या. "पोरींनी इचारलं, तर म्हणत्यात, सवय करून घेतोय." रोज त्या दोन बोटांनी गाडी चालवायचीस आणि रोज संध्याकाळी काहीतरी बदलायचास. मुठीपाशी दाबायचा दांडा घासून बारीक केलास. बोटांच्या जवळ आणलास. करंगळी निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला गोळी बसवलीस. पिना पुन्हा काढून पुसल्यास. मग एक दिवस फडकं सोडलंस, माझ्या हातात किल्ली दिलीस आणि म्हणालास, "आता तू."

कासारवाडीहून भोसरीकडं निघालो. मी पुढं, तू मागं. गप्प बसलेला तू मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलास. भोसरीच्या अलीकडं एक शेरडांचा कळप रस्त्यावर आला. मी दोन बोटं आवळली. गाडी थांबली. डुगडुगली नाही, घसरली नाही. जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबली. शेरडं आरामात पलीकडं गेली. मी तसाच बसून राहिलो. हाताला कळ नव्हती.

"बोल की आता," मी म्हटलं.

"काय बोलू?" मागून तुझा आवाज आला. "मागच्या पिनेला ग्रीस जरा कमी पडलंय." पण आवाज ओला होता, किसन. तू कितीही लपवलंस तरी ओला होता.

साहेबांनी मला कंपनीच्या आवारात गाडी फिरवायला लावली आणि स्वतः रस्त्यात उभे राहून म्हणाले, "माझ्यापाशी आणून थांबव." त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर मी थांबलो. त्यांनी बूट हलवला नाही, हे त्यांचंही मोठेपण. "सोमवारपासून भोसरी," म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत माझा संसार त्या कामावर उभा आहे. पोरं शिकताहेत, घरावर पक्कं छप्पर आलं. आणि मी पुन्हा बोलायला लागलो. शकू म्हणते, तेच सगळ्यात महत्त्वाचं.

पण तुझं समाधान नव्हतं. दर रविवारी पाना घेऊन हजर, नाहीतर मला गाडी घेऊन बोलावणार. "पिना बघायच्यात." आणि आपण तुझ्या अंगणात चिमटा खोलून बसायचो. मी सांगून दमलो, की इतक्यांदा खोलायची गरज नसते, उगाच रबर झिजतं. तू ऐकलं नाहीस. पॅडच्या पाठीला काळं ग्रीस लावायचं की नाही, हे भांडण तर कधीच मिटलं नाही. तू म्हणायचास, नखभर लाव, म्हणजे ब्रेक किंचाळणार नाही. मी म्हणायचो, तापून वितळलं आणि थाळीवर उडालं तर? वहिनी चहा आणायच्या आणि त्या गाडीला 'सवत' म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्या कधी तिच्यावर बसल्या नाहीत.

कावीळ झाली तेव्हा तू म्हणालास, चार दिवसांत उतरेल. उतरली नाही. शेवटी शेवटी मी तुझ्या खाटेपाशी बसायचो आणि दोघंही इकडचं तिकडचं बोलायचो. त्या शिफ्टबद्दल बोलावं असं माझ्या कितीदा ओठांवर आलं. मला सांगायचं होतं, की तू काही देणं लागत नाहीस. त्या दिवशी तू उभा असतास तर तुझी बोटं गेली असती, नाहीतर कुणाचीच गेली नसती. त्याचा हिशेब कुणी मांडायचा? पण मला भीती वाटायची. विचारलं आणि तू म्हणालास, 'व्हय, म्हणूनच केलं सगळं,' तर? मग गाडी, ब्रेक, ते रविवार, सगळं एक प्रायश्चित्त होऊन बसलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी गप्प राहिलो आणि तू गेलास.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर वहिनी ओट्यावर येऊन बसल्या. आता विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी विचारलं, "वहिनी, तो कधी त्या दिवसाबद्दल बोलला का? माझ्या हाताच्या?"

त्या लगेच म्हणाल्या, "बोलले की. त्या वक्ताला लई दिवस झोप नव्हती त्यांना. म्हणायचे, माझी शिफ्ट व्हती. ते चाक आणलं ते त्याच पायी."

मी खाली बघत राहिलो.

"पर भावजी," वहिनी म्हणाल्या, "गाडी तर तुमची कवाच नीट झाली व्हती. तुमी साहेबाला दाखवली, कामाला लागलात, झालं की. म्हंजी फिटलं म्हणायचं. तरी ह्ये दर रईवारी खोलून बसायचेच. एकदा मी इचारलं, आवं, काय बिघडलंय का त्या गाडीचं? तर म्हणाले, कायबी न्हाई. मग कशाला खोलता? तर म्हणाले, न्हाई खोललं तर रतन कशाला यील?"

आणि वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी हसलो नाही. मी उठून नदीकडं गेलो.

अरे बाबा, मी आलोच असतो. चिमटा न खोलताही आलो असतो. मलाही रविवारी दुसरीकडं जायचं नसायचं. मी 'गरज नाही' म्हणत म्हणत दर वेळी पाना तुझ्या हातात देत होतो, ते कशासाठी? दोन जाणते बाप्ये एका ठोकळ्याच्या आडोशानं बसायचे. एवढीच गोष्ट होती, आणि दोघांनाही ती सांगता येत नव्हती.

काल ब्रेक खोलला तेव्हा पिना अगदी स्वच्छ होत्या. तूच शेवटच्या वेळी लावलेल्या. लाल ग्रीस जितकं पाहिजे तितकंच. मी सगळं पुसलं, पुन्हा लावलं, आणि जोडायच्या आधी पॅडच्या पाठीला काळं ग्रीस लावलं. नखभर. तू जिंकलास असं समजू नकोस. पावसाळ्यात किंचाळतो की नाही ते बघू, मग बोलू.

आज सकाळी वहिनींचा निरोप आला. शेजाऱ्याच्या ट्रकमधून तुझा कांदा चाकणला गेलाय आणि लिलावाला स्वतः उभं राहायचं त्यांनी ठरवलंय. मी गावात पोचलो तेव्हा तुझे चुलतभाऊ त्यांना समजावत होते, की एवढ्यात बाहेर पडू नका, लोक काय म्हणतील. वहिनींनी पदर खोचला. "तेरावं झालं. आता घरात बसून कांदा इकला जानार हाय का? व्यापाऱ्याला कळू दे, मालाला मालकीण हाय." मग गाडीकडं बघितलं, जरा थबकल्या, आणि मला म्हणाल्या, "भावजी, हिच्याव बसत्यात कसं?"

मी दाखवलं. एका अंगानं बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. नदी ओलांडेपर्यंत जीव मुठीत धरून होत्या. कासारवाडी गेली, भोसरी गेली. मोशीपासून जरा सैलावल्या आणि बोलायला लागल्या. यंदा कुणाचा कांदा ओला आहे, कोणता व्यापारी वजनात हात मारतो, थोरल्या पोरीला पुढं शिकवायचं म्हणून तू काय ठरवलं होतंस. वाऱ्यात मला निम्मं ऐकू येत होतं.

इंद्रायणीच्या पुलाकडं उतरताना पुढचा कांद्याचा ट्रक एकाएकी थांबला. उतार, रस्त्यावर सांडलेली खडी, मागं वहिनी. मी दोन बोटं आवळली. गाडी ट्रकच्या मागं अलगद उभी राहिली.

वहिनींचं बोलणं तुटलं नाही. ब्रेक लागला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, किसन. त्या थोरलीच्या शाळेबद्दल सांगत होत्या, आणि चाकण येईपर्यंत सांगत राहिल्या.